मागे केलेला हात

माझ्या धाकट्या जावेचं वागणं मला मुळीच आवडलं नाही. माणसानं हसावं, त्याला माझी हरकत नाही. पण घरची माणसं आज आपल्याला न्यायला येणार हे ठाऊक असताना, दार सताड उघडं टाकून, परक्या बाईसमोर, घशातून आवाज काढून हसायचं म्हणजे काय? त्याहून वाईट म्हणजे ते हसणं तिचं आहे हे मला ओळखू आलं नाही. मी नर्सिंग होमच्या व्हरांड्यातून चालत होते आणि मनात म्हणत होते, कोण ही खुशालचेंडू बाई, इथं माणसं अंथरुणाला खिळलीत आणि हिला हसू सुचतंय. शेवटच्या खोलीत डोकावते तर आमचीच. लाकडी खुर्चीत बसलेली, तोंडाचा उजवा कोपरा अजून खाली ओघळलेला, त्यामुळे हसू एकाच बाजूला चढलेलं. मला बघितलं आणि तिनं ते हसू उतरवलं, शेगडीवरून भरलेलं भांडं उतरवतात तसं, सावकाश, सांडू न देता. "आलात, जाऊबाई," म्हणाली. शब्द जाड निघाला, पण निघाला. घरात ती हसायची तेव्हा तोंडावर हात असायचा आणि आवाज नसायचा. खांदे हलले की समजायचं, हिला काहीतरी गंमत वाटली. त्या हाताच्या आड हा असा आवाज होता तर. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि तो मला व्हरांड्यात, भिंतीपलीकडून ऐकावा लागला.

तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुढच्या खोलीत बसून राहिला होता. आत यायला त्याचा पाय उचलत नव्हता. "मोठी आई, तू बघ आणि सांग," गाडीत बसल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. "ठेवायचं तर ठेवू, न्यायचं तर आजच नेऊ. तू म्हणशील ते." हे त्याचं लहानपणापासूनचं, आणि आमच्या घरात सगळ्यांचंच. सून आणायची तर मी बघून यायचं, घर बदलायचं तर मी भिंतींना तळवा लावून ओल बघायची. शाळा मी फारशी पाहिली नाही, सही करते तीही जीभ दातांत धरून, पण कुठं पाणी मुरतंय ते मला वासावरून कळतं. जावेला इथं ठेवली ती मी नको नको म्हणत असताना. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, थोडे दिवस माहितगार हातांत राहू दे. "मग आमचे हात काय रस्त्यावर पडलेत?" मी तिथल्या तिथं विचारलं. सासूबाई माझ्या हातांत गेल्या, सासरे गेले, माझा नवरा गेला, मागून दीर गेला. एकाच्याही पाठीला मी जखम होऊ दिली नव्हती. त्या घरातलं माणूस पगारी हातांत टाकलं, असं गल्लीत कुणी म्हटलेलं मला ऐकायचं नव्हतं. तेव्हा आज मी तिला न्यायलाच आले होते. बघून सांगणं हे फक्त पुतण्याच्या समाधानासाठी. स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे तिथं तिची खाट मांडून झाली होती. चादर मी स्वतः ताणून घातली होती, एक सुरकुती नाही.

तरी बघायचं म्हटलं की मी नीट बघते. पुढच्या खोलीतली फुलदाणी आणि हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो बघून भुलणाऱ्यांतली मी नाही. आधी तिचे मोजे काढले. टाचा कोरड्या, कुठं लालसर डाग नाही. पाठ उघडी करून माकडहाडापाशी बोट दाबून बघितलं, दाबलेली जागा पांढरी होऊन पुन्हा गुलाबी होते की नाही ते. झाली. कानांच्या मागे बघितलं, बगलेत बघितलं, नखं उलटीसुलटी केली, जीभ काढायला लावली. ती मुकाट्यानं एकेक दाखवत गेली. "सापडलं का काही, आजी?" तिच्याजवळच्या बाईनं विचारलं. ही तिची देखभाल करणारी. पायात मापापेक्षा मोठ्या सपाता, त्यामुळे चालली की फटफट आवाज. आल्याआल्याच मी तिचं नाव फटफटबाई ठेवून टाकलं होतं. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, पण अंगानं दुप्पट. "सापडेल," मी म्हटलं. "मला घाई नाही." "शोधा, शोधा. तुम्हाला नाही सापडलं तर या जन्मात कुणाला सापडायचं नाही. तुमच्याबद्दल ऐकलंय मी पुष्कळ," असं म्हणून तिनं माझ्या जावेकडे बघून डोळा मिचकावला. माझ्या समोर! आणि जावेच्या तोंडाचा तो एक कोपरा पुन्हा वर सरकायला लागला. काय ऐकलंय, हे मी विचारणार नव्हते. मी पिशवी खाली ठेवली आणि बाकीचं घर बघायला निघाले.

न्हाणीघराची फरशी कोरडी होती. धरायचे दांडे मी ओढून बघितले, पक्के होते. फिनेलचा वास होता आणि त्याच्या खाली दुधाचा, तापवून विसरलेल्या दुधाचा. म्हणजे कुणीतरी धावपळीत असतं इथं. एक नळ नीट बंद होत नव्हता. शेजारच्या खोलीत एक म्हातारी पडून होती आणि तिचा पाण्याचा पेला खिडकीत ठेवलेला, तिचा हात कधीच पोचणार नाही अशा जागी. मी तो तिच्या हातात दिला. ती दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी प्यायली, आणि पिताना पेल्याच्या काठावरून माझ्याकडे बघत राहिली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या म्हातारीच्या तहानेनं मला बरं वाटलं, कारण आता पुतण्याला सांगायला काहीतरी हाताशी आलं होतं. तिच्या पलीकडच्या खोलीतून एक म्हातारा मधून मधून "अहो" म्हणत होता आणि कुणी जात नव्हतं. मी दारात उभी राहिले. "काय हवंय?" "काही नको," तो म्हणाला. "कुणी आहे का, तेवढं बघत होतो." "आहे," मी म्हटलं आणि पुढं निघाले. मागं पुन्हा "अहो" आलं. ते मात्र माझ्या पाठीवर बसलं. पाठीमागून कुणी काही म्हणालं की मला हल्ली तसं होतं, मानेखाली गार पट्टा ओढल्यासारखं.

आमचं सगळं पाठीमागंच होतं ना. जाऊ लग्न होऊन आली तेव्हापासून आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात, पाठीला पाठ करून. शेगडी माझी, समोरच्या भिंतीचा ओटा तिचा. मधे जेमतेम एक माणूस आडवं जाईल एवढी जागा. कुणी मला तिचा चेहरा सांगायला लावला तर मी अडखळेन. तिची सुरी कशी चालते, ती भांडं कसं ठेवते, रडून आली असेल त्या दिवशी पाणी किती जोरात सोडते, हे मला विचारा. मी मागे न बघता हात करायची. तोंडानं काही सांगावं लागत नसे. पंजा उघडा असेल तर झाकण, बोटं मिटत आलेली असतील तर पळी, अंगठा हलत असेल तर फडकं, आणि तेही लवकर. वस्तू हातात यायची. कधी चुकीची आली नाही आणि मी कधी वळून बघितलं नाही. स्वतःच्या हाताकडे कुणी वळून बघतं का? झटका आला त्या दिवशी मी असाच हात मागे केला. दूध वर येत होतं. झाकण येईना. "अगं, लक्ष कुठं आहे तुझं?" मी ओरडले, शेगडीकडे तोंड करूनच. मग काहीतरी घरंगळत आलं आणि माझ्या घोट्याला लागून आडवं झालं. झाकण होतं. वळले तर ती ओट्याला टेकून हळूहळू खाली बसत चालली होती, आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, कुणीतरी आणून दिलेल्या वस्तूकडे बघावं तसं. दूध त्या दिवशी सगळं उतू गेलं. आताही माझा हात मागे जातो. सुना वाईट नाहीत, हात दिसला की लगेच विचारतात, "काय देऊ?" पण विचारलं की संपलंच. हात तसाच हवेत राहतो, पंख्याचा वारा बोटांमधून जातो, आणि न्हाणीघराचं दार कुणी चुकून उघडावं तशी मला लाज वाटते. हे मी कुणाला बोललेले नाही. सुनांना वाटतं, म्हातारीचा खांदा धरतो.

फिरून परत आले तर खोलीत काय चाललेलं? माझी जाऊ खुर्चीत, अंगात तपकिरी लोकरीचा स्वेटर, माझ्या दिराचा, बाह्या दुमडलेल्या. आणि ती त्याची बटणं लावत होती. म्हणजे तसं म्हणायचं. उजव्या हाताची बोटं बटणाकडे जात होती, तिथं पोचेपर्यंत कुठं जायचं होतं ते विसरत होती, पुन्हा निघत होती. डावा हात तिनं मांडीखाली दाबून ठेवला होता. चांगला हात मांडीखाली! आणि फटफटबाई समोर स्टुलावर, दोन्ही हात ओच्यात टाकून, खिडकीबाहेर बघत, कसलंतरी गाणं बेसूर गुणगुणत. माझ्या अंगाचा भडका उडाला. तो स्वेटर तरी कुठून आला? तिला इथं पाठवताना मी तिच्या सगळ्या कपड्यांची बटणं एकेक करून उसवली होती आणि जागोजागी चिकटपट्टी शिवली होती, नुसतं दाबलं की बंद. डोळे फुटेपर्यंत शिवली. कशासाठी? बाईला यातायात पडू नये म्हणून. सगळी बटणं डब्यात भरून कपाटात ठेवून दिली. आणि हिनं मुलाकरवी, मला कळू न देता, नवऱ्याचा जुना स्वेटर मागवून घेतला, बटणांचा. "काय हो," मी त्या बाईला म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही का?" "दिसतंय की." "मग लावा ना तिला." "मी लावलं की ती रागावते," बाई म्हणाली. "परवा माझा हात झटकलान. आणि खरं सांगू का, आजी? मला कंटाळा येतो दुसऱ्याची बटणं लावायचा. हिला कंटाळा येत नाही, तर लावू दे की हिला." जाऊ रागावते? माझी जाऊ? कुणावर रागावायचं ते तरी ठाऊक आहे का तिला?

मी थेट मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. चष्मा केसांत खोचून त्या औषधांच्या बाटल्या लावत होत्या. मी उभ्यानंच सगळं ऐकवलं: खिडकीतला पेला, न बंद होणारा नळ, तो "अहो" करणारा म्हातारा, आणि हातावर हात ठेवून बसणारी ती बाई. पेल्याचं ऐकताच त्या उठल्या, दारातून कुणालातरी हाक मारून चांगल्या कडक आवाजात बोलल्या. नळाचं म्हणाल्या, खरं आहे, माणूस येतो म्हणतो आणि येत नाही. म्हाताऱ्याचं ऐकून त्यांनी केसांतला चष्मा काढून हातात घेतला. "त्यांच्याकडे जायला हवं तेवढं होत नाही आमच्याकडून," म्हणाल्या. हे मला अपेक्षित नव्हतं. कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायला मला जमत नाही, पायाखालची पायरी काढल्यासारखं होतं. "पण बाई बसून राहते, ते मी सांगितलंय तिला," त्या पुढं म्हणाल्या. "बसून राहायला बाई कशाला हवी?" मी म्हटलं. "खुर्ची पुरली असती." त्या मोठ्यानं हसल्या. "नाही पुरत, आजी. पडली तर धरायला कुणीतरी हवं, आणि तोपर्यंत हात न लावणारं हवं. आमच्याकडे नव्या बायका येतात ना, त्यांना सगळं पटकन जमतं. उचलणं, पुसणं, भरवणं. गप्प बसणं काही केल्या जमत नाही. कितीतरी जणी त्यापायी सोडून गेल्या." मी म्हटलं, "आमच्याकडे आळशीपणाला वेगळा शब्द नाही." आणि बाहेर आले. पण बोलले त्यातला नेम चुकला होता, आणि तो चुकला हे मला चालताना समजत होतं.

खोलीत जाऊ एकटीच होती. व्हरांड्यात लांबवर सपाता फटफटत होत्या, आणि तो म्हातारा कुणालातरी काहीतरी सांगत होता. म्हणजे कुणीतरी गेलं होतं त्याच्याकडे. एवढ्या वेळात तिची वरची दोन बटणं लागली होती. तिसऱ्यापाशी बोटं घुटमळत होती. उन्हाचा चौकोन तिच्या मांडीपर्यंत आला होता आणि त्या उजेडात तो हात मी पहिल्यांदा नीट बघितला. करंगळीवर जुन्या भाजल्याचा डाग होता. कधी भाजलं, मला आठवेना. मी खाली वाकले आणि उरलेली बटणं लावून टाकली, टक टक टक, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे मला येतं, सहा पोरं शाळेत धाडलेली आहेत मी. "झालं," म्हटलं. "चल आता, तुझं सामान भरू." तिनं मांडीखालचा डावा हात काढला आणि मी लावलेली बटणं त्या हातानं सोडली. फक्त मी लावलेली. वरची दोन तशीच ठेवली. मग डावा हात पुन्हा मांडीखाली सरकवला आणि उजवा निघाला, तिसऱ्या बटणाकडे. हे सगळं तिनं माझ्याकडे बघत केलं. राग नव्हता डोळ्यांत. नुसती बघत होती. मी तिचा चेहरा तेव्हा बघितला म्हणायला हरकत नाही. भुवया तिच्या बारीक आहेत, डाव्या भुवईत एक केस पांढरा.

"घरी यायचं ना?" मी विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. आयुष्यभर हेच. दीर गेला तेव्हा त्याच्या वस्तू कुणाला द्यायच्या, तुम्ही म्हणाल तसं. मुलाला परगावी पाठवायचं का, तुम्ही म्हणाल तसं. मला त्याचा अभिमान वाटायचा. जावा एकमेकींच्या झिंज्या उपटतात आणि आमच्याकडे बघा. आता मात्र ते शब्द ऐकून मला कसंतरी झालं, कारण शब्द माझ्याकडे आले आणि बोटं भलतीकडे चालली होती. तोंड म्हणेल ते खरं की बोटं करतील ते, हे ठरवायला कुणाला बोलवायचं? बघून सांगायला तर मलाच आणलं होतं. मी उठले आणि कपाटाकडे वळले. तिचे कपडे, माझ्या चिकटपट्ट्यांचे, घडी न मोडता रचलेले होते. एकही वापरलेला नव्हता. माझी दोऱ्याची टीप मला लांबूनही ओळखू येते. मी पहिली चवड काढली, छातीशी धरली, आणि न वळता, काही न म्हणता, दुसरा हात मागे केला. पिशवीसाठी. माझ्या ध्यानात यायच्या आत तो गेला होता.

मागं खुर्ची करकरली. पिशवी तिच्या पायाशी होती, मीच ठेवलेली. कापड जमिनीवर घासल्याचा आवाज आला, थांबला. श्वास ऐकू आला. पुन्हा घासलं. माझा हात हवेत होता आणि मला पंख्याचा वारा लागत नव्हता, कारण इथं पंखा बंद होता. नुसती ऊन हवा तळव्यावर. तिनं हात बघितला होता. तिला कळलं होतं काय हवंय ते. मी कपाटातल्या रिकाम्या फळीकडे बघत उभी. खांद्यातून कळ यायला लागली. आता येईल, आता येईल. माझ्या आतलं सगळं दूध वर वर चढत होतं. एकदा पिशवीचा बंद माझ्या बोटाला पुसटसा लागला आणि गेला. आणि मी वळले. वळले आणि तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली. तेव्हा दिसलं की तिची बोटं बंदाभोवती नुकतीच मिटली होती, पाचही, करंगळीसुद्धा; आणि मी ओढल्याबरोबर ती उघडून तशीच राहिली, तिच्या आणि माझ्या मधे. "देत होते की," ती म्हणाली. तक्रार नव्हती. तिनं हात मांडीवर परत नेला आणि त्याच्याकडे बघितलं, आणि मग तिचे खांदे हलले, आणि या वेळी तोंडावर हात नव्हता. हसली. माझ्या तोंडावर हसली, व्हरांड्यात ऐकलं तेच, घशातून. दारात पुतण्या येऊन उभा होता, एका हातात गाडीची किल्ली. "मोठी आई, काय ठरलं? नेऊया ना?" मी त्याला थांब म्हणून हात केला. कपड्यांची चवड पिशवीत कोंबली, पिशवी खांद्याला लावली, आणि खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. सांगायचं तर तिलाच सांगायचं होतं. तिसरं बटण अजून लागलेलं नव्हतं.

"हे बघ, धाकटे. जागा काही फार चांगली नाही. नळ गळतो, दूध करपवतात, आणि ती तुझी फटफटबाई गाते ते ऐकवत नाही. पण तू इथंच राहायचंस. घरी तुझं तुला कुणी करू देणार नाही, आणि मी तर मुळीच नाही. माझ्यात तेवढा धीर नाही आणि आता तो यायचाही नाही. हे कपडे मी नेते, चिकटपट्ट्या उसवून आणते, बटणांचा डबाही आणते. शिवायची तुझी तू. आणि हसायचं असेल तर हास, पण दार लावून घेत जा. बाहेर ऐकू जातं."